जीमॅट की जीआरई? क्लास लावायच्या आधी दोन्हींची मॉक (सराव परीक्षा) देऊन बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एमबीएची तयारी करणाऱ्या मुलांना मी बरीच वर्षं गणित आणि व्हर्बल (म्हणजे इंग्रजीचा भाग) शिकवते, त्यामुळे ज्या बी-स्कूलमध्ये, म्हणजे एमबीएच्या कॉलेजांत, जीमॅट किंवा जीआरई या प्रवेश परीक्षेचा स्कोअर मागतात तिथे अर्ज करणारी मुलं सारखी भेटत असतात. जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, की मॅडम यातली कुठली परीक्षा देऊ. आणि मला वाईट याचं वाटतं की माझ्याकडे येईपर्यंत बहुतेकांचा निर्णय कुणीतरी दुसऱ्यानेच घेऊन झालेला असतो. चुलतभावाने जीमॅट दिली होती म्हणून जीमॅट, ऑफिसमधल्या सिनियरने सांगितलं की जीआरई सोपी असते म्हणून जीआरई, नाहीतर ज्या क्लासमध्ये चौकशीला गेले तिथे ज्या परीक्षेची बॅच सुरू होणार होती ती परीक्षा. चार-सहा महिने नोकरी सांभाळून, रात्री जागून ज्या परीक्षेचा अभ्यास करायचा ती अशी ठरवली जाते हे मला पटत नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

पहिला गैरसमज सगळ्यात जुना आहे, की बी-स्कूलला "खरी" परीक्षा जीमॅटच वाटते आणि जीआरई दिली की गणित कच्चं असलेला कॅन्डिडेट आहे असा शिक्का बसतो. हा समज आला कुठून ते समजण्यासारखं आहे. जीमॅट ही परीक्षा बी-स्कूलनीच स्वतःसाठी काढलेली, १९५४ साली ती पहिल्यांदा झाली तेव्हा तिचं नावसुद्धा वेगळं होतं. जीआरई मात्र तिच्याहूनही जुनी आणि ती एमएस, पीएचडी अशा सगळ्या पदव्युत्तर शिक्षणासाठीची, त्यामुळे कितीतरी वर्षं एमबीए म्हटलं की जीमॅट असंच समीकरण होतं. पण स्टॅनफर्डसारख्या स्कूलने जीआरई घ्यायला सुरुवात केली, २००९ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलनेही घेतली आणि मग बाकीच्या स्कूल एकामागोमाग एक आल्या. आज इनसीड, लंडन बिझनेस स्कूल, व्हार्टन, कुठलंही मोठं नाव घ्या, दोन्ही परीक्षा चालतात. बऱ्याच स्कूल आपल्या वेबसाइटवर नव्या बॅचची माहिती देतात तिथे जीमॅटचा आणि जीआरईचा असे दोन्ही आकडे छापलेले असतात. तेव्हा ज्याला शंका आहे त्याने आपल्या यादीतल्या प्रत्येक स्कूलचं ते पान स्वतः उघडून वाचावं, एखाद्या छोट्या किंवा विशिष्ट कोर्सची वेगळी अट असू शकते आणि ती फक्त तिथेच कळते, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. जीमॅट पूर्ण बदललीय आणि अजून निम्म्या लोकांच्या डोक्यात जुनीच जीमॅट आहे. नवी परीक्षा, जिला सुरुवातीला फोकस एडिशन म्हणत होते, ती नोव्हेंबर २०२३ मध्ये आली आणि जुनी ३१ जानेवारी २०२४ ला कायमची बंद झाली. नवीमध्ये निबंध नाही, व्याकरणाचे ते सेन्टेन्स करेक्शनचे प्रश्न नाहीत, भूमिती नाही. पण सेकंडहँड पुस्तकं घेऊन मुलं अजून सेन्टेन्स करेक्शन घोटत बसलेली मी बघते आणि कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की ७०० पाहिजेत, ७०० नसतील तर अर्ज करू नकोस! अहो, आता स्केल २०५ ते ८०५ आहे आणि जुन्या ७०० च्या तोडीचा स्कोअर नव्या स्केलवर साधारण ६४५ येतो. ज्या मुलीला ६५५ मिळाले ती रडत फोन करते की कमी पडले, आणि प्रत्यक्षात तिचा स्कोअर जुन्या ७०० च्या वरचा असतो. ओळखायची खूण सोपी आहे, नवा एकूण स्कोअर नेहमी ५ ने संपतो, जुना शून्याने संपायचा. स्कोअर पाच वर्षं चालतो म्हणजे जुन्या परीक्षेचे स्कोअर २०२९ च्या सुरुवातीपर्यंत अर्जांमध्ये दिसत राहणार, तोपर्यंत हा गोंधळ संपणार नाही, तेव्हा कुणी आकडा सांगितला की आधी विचारा कुठल्या जीमॅटचा.

जीआरईसुद्धा तीच राहिली नाही. सप्टेंबर २०२३ पासून ती जवळपास निम्म्या वेळात होते, एक तास ५८ मिनिटं. त्यात एक निबंध, ३० मिनिटांचा, मग व्हर्बलचे दोन भाग मिळून २७ प्रश्न आणि क्वांटचे, म्हणजे गणिताचे, दोन भाग मिळून २७ प्रश्न. जीमॅट सव्वादोन तासांची, क्वांट २१ प्रश्न, व्हर्बल २३, डेटा इनसाइट्स २०, प्रत्येकाला ४५ मिनिटं. म्हणजे वेळेच्या दृष्टीने दोघींमध्ये आता फार फरक उरला नाही, आणि "जीआरई लांबलचक असते, दमायला होतं" हे कारणही जुनं झालं.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते खरा फरक प्रश्न सोडवताना तुम्ही कसे वागता यात आहे, आणि याच्याबद्दल कुणी बोलतच नाही. जीमॅटमध्ये समोरच्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न दिसत नाही. सोडून पुढे जाता येत नाही. प्रश्नागणिक परीक्षा तुमच्या उत्तराकडे बघून पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरवते, आणि शेवटी वेळ उरला तरच मागे जाऊन एका भागात जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात. जीआरईमध्ये एका भागाच्या आत तुम्ही मोकळे असता, अवघड प्रश्न मार्क करून ठेवा, सोपे आधी उरका, मग परत या, तिथे परीक्षा भागागणिक बदलते, पहिला भाग कसा गेला त्यावरून दुसरा भाग सोपा की अवघड ते ठरतं. वाचायला हे किरकोळ वाटेल पण मी अशी कितीतरी हुशार मुलं बघितलीयत की ज्यांना एक प्रश्न अडला की तो सोडून पुढे जाता येत नाही, चार मिनिटं त्याच्यावरच जातात, आणि मग शेवटचे पाच प्रश्न अंदाजपंचे. अशा मुलांना जीआरईची मोकळीक वाचवते. उलट काही जणांना मोकळीक दिली की ती पुढे-मागे, पुढे-मागे करत बसतात, कुठलंच उत्तर पक्कं करत नाहीत, त्यांना जीमॅटची सक्तीच बरी पडते, एक उत्तर द्या आणि पुढे चला. आपण यातले कोण आहोत हे दुसरं कुणी नाही सांगू शकत.

आता गणिताबद्दल, कारण सगळी भीती तिथेच असते. जीमॅटच्या क्वांटमध्ये कॅल्क्युलेटर नाही, प्रश्न अंकगणित आणि बीजगणितातले, सूत्रं कमी आणि युक्ती जास्त, शब्दांत गुंडाळलेला प्रश्न उलगडून मांडता आला पाहिजे. जीआरईच्या क्वांटमध्ये स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो पण भूमिती आहे, दोन राशींमधली मोठी कुठली असे तुलनेचे प्रश्न आहेत, उत्तर स्वतः टाइप करायचे प्रश्न आहेत, आणि एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असतील तिथे सगळे बरोबर निवडले तरच मार्क, अर्धवट मार्क मिळत नाहीत. प्रश्न स्वतंत्रपणे पाहिले तर जीआरईचं गणित बऱ्याच जणांना सोपं जातं हे खरं आहे. पण लोक इथेच थांबतात आणि पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या किती जणांच्या आपण पुढे आहोत ते, बघत नाहीत! जीआरई देणाऱ्यांत इंजिनियरिंग, कॉम्प्युटर, भौतिकशास्त्र वाले ढिगाने असतात, त्यामुळे क्वांटमध्ये पूर्ण १७० मिळाले तरी पर्सेंटाइल नव्वदीच्या पहिल्या टप्प्यातच राहतो आणि १६० मिळाले तर निम्म्याच्या थोडं इकडेतिकडे. तेच १६० व्हर्बलमध्ये मिळाले तर पर्सेंटाइल ऐंशीच्या वर जातो. म्हणजे सोपा पेपर म्हणजे चांगला स्कोअर असं नसतं, सोप्या पेपरात दोन सिली मिस्टेक झाल्या तर त्या जास्त महाग पडतात. ज्याचं गणित खरंच पक्कं आहे पण घाईत चुका होतात त्याने हे नीट ध्यानात घ्यावं.

जीमॅटमध्ये डेटा इनसाइट्स हा जो भाग आहे तो मला वैयक्तिकरीत्या फार आवडतो, आणि मुलांना तोच सगळ्यात नकोसा वाटतो. तक्ते, आलेख, दोन-तीन टॅबमध्ये विखुरलेली माहिती, ईमेल, त्यातून काय निष्कर्ष निघतो आणि काय नाही निघत, शिवाय दिलेली माहिती पुरेशी आहे का नाही एवढंच विचारणारे डेटा सफिशियन्सीचे प्रश्न. इथे कॅल्क्युलेटर मिळतो पण त्याचा उपयोग बेताचाच कारण आकडेमोड हा मुद्दाच नसतो, काय वाचायचं आणि काय सोडायचं हे कळलं पाहिजे. जी मुलं नोकरीत रोज एक्सेल आणि रिपोर्टमध्ये बुडालेली असतात, फायनान्स, ऑपरेशन्स, ॲनालिटिक्सवाली, त्यांना हा भाग आपलाच वाटतो. आणि एकूण स्कोअरमध्ये याचं वजन क्वांट आणि व्हर्बलइतकंच आहे, म्हणजे एक तृतीयांश. सरसकट सगळ्यांना हा अवघड जातो म्हणून इथे ८० मिळवणाऱ्याचा पर्सेंटाइल क्वांटच्या ८० पेक्षा बराच वर असतो. ज्याला हे जमतं त्याने जीआरईच्या मागे लागून आपली ही ताकद वाया घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

व्हर्बलचं तसंच, फक्त उलट्या बाजूने. जीमॅटच्या व्हर्बलमध्ये आता दोनच प्रकार राहिलेत, उतारे आणि क्रिटिकल रीझनिंग, म्हणजे एखाद्या युक्तिवादात गृहीत काय धरलंय, तो कशाने कमकुवत होईल असे प्रश्न. त्यात अवघड शब्द पाठ करावे लागत नाहीत. जीआरईमध्ये मात्र रिकाम्या जागा भरायच्या असतात, एका परिच्छेदात कधी कधी तीन-तीन, आणि तिन्ही बरोबर आल्या तरच मार्क, शिवाय एका वाक्याला समान अर्थ देणारे दोन शब्द निवडायचे. इथे शब्दसंग्रह लागतोच. ज्यांनी लहानपणापासून इंग्रजीत भरपूर वाचलंय त्यांना ही मेजवानी आहे. ज्यांचं वाचन नंतर सुरू झालं त्यांनी घाबरायचं कारण नाही पण हिशोब मात्र करायचा, की हजारेक शब्द नुसते पाठ नाही तर वाक्यात वापरलेले ओळखता येतील इतके मुरवायला वेळ लागतो, तो वेळ आहे का? शेवटच्या तीन आठवड्यांत शब्दांची यादी घोकून हे होत नाही, मी खूप जणांना प्रयत्न करताना बघितलंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की कुणालाही विचारायच्या आधी, पुस्तक घ्यायच्या आधी, क्लासचे पैसे भरायच्या तर फारच आधी, दोन्ही परीक्षांची एक-एक अधिकृत मॉक द्या. जीमॅट घेणारी संस्था जीमॅक तिच्या वेबसाइटवर दोन पूर्ण मॉक फुकट देते आणि जीआरई घेणारी ईटीएस पॉवरप्रेप नावाने दोन फुकट देते. यातली प्रत्येकी एक आत्ता वापरायची, दुसरी परीक्षेच्या आधीसाठी राखून ठेवायची. मध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा, दोन्ही सकाळी ताज्या डोक्याने द्या, घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत. आधी प्रश्नांचे प्रकार एक-दोन संध्याकाळी नुसते बघून घ्या नाहीतर डेटा सफिशियन्सी काय आहे हे समजण्यातच वेळ जाईल आणि जीमॅट उगाच वाईट दिसेल. मग स्कोअर येईल तेव्हा एकूण आकड्यांची तुलना करत बसू नका कारण स्केल वेगळी आहेत. दोन्हीकडचे पर्सेंटाइल बाजूबाजूला मांडा, आणि तुमच्या यादीतल्या स्कूलनी जीमॅटचा आणि जीआरईचा जो सरासरी किंवा मधला आकडा छापलाय त्यापासून तुम्ही प्रत्येकीत किती लांब आहात ते बघा. जीआरईच्या स्कोअरवरून अंदाजे जीमॅट स्कोअर काढून देणारं एक टूल ईटीएसने काढलं होतं, जीमॅकला ते कधीच मान्य नव्हतं, आणि शिवाय ते जुन्या जीमॅटच्या काळातलं, त्यामुळे इंटरनेटवर असे तक्ते फिरतात त्यांच्यावर निर्णय घेऊ नका.

आणि आकड्यांच्या पलीकडे एक गोष्ट लिहून काढा. कुठल्या परीक्षेत चुकलेले प्रश्न नंतर बघताना "अरे हे तर यायला पाहिजे होतं" असं वाटलं आणि कुठल्या परीक्षेत उत्तर वाचूनही समजलं नाही. पहिल्या प्रकारच्या चुका सरावाने भरून निघतात, दुसऱ्या प्रकारच्यांना महिने लागतात. मी मुलांना निर्णय घ्यायला लावते तो जास्त करून याच्यावरच, सुरुवातीच्या स्कोअरवर नाही.

काही जणांच्या बाबतीत मात्र मॉकच्या आधीच उत्तर बरंचसं ठरलेलं असतं. एमबीएबरोबर पब्लिक पॉलिसी, एज्युकेशन असला दुसरा मास्टर्स जोडून करायचा असेल, किंवा एमबीए करू की एमएस हेच अजून नक्की नसेल तर जीआरई घ्या, एका स्कोअरवर दोन्ही दारं उघडी राहतात, अमेरिकेतली काही लॉ स्कूलसुद्धा आता ती घेतात. उलट एमबीएनंतर कन्सल्टिंग किंवा इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये जायचं पक्कं असेल तर तिथल्या काही कंपन्या भरतीच्या वेळी जीमॅटचा स्कोअर विचारतात, तेव्हा दोन्ही मॉक सारख्या गेल्या असतील तर जीमॅटकडे झुकायला हरकत नाही. दहा-बारा वर्षं नोकरी झालेल्यांनी एक्झिक्युटिव्ह असेसमेंट ही तिसरी परीक्षाही बघावी, दीड तासाची, ४० प्रश्नांची, जीमॅकचीच, एक्झिक्युटिव्ह एमबीएसाठी काढलेली, पण कोलंबियासारखी काही स्कूल फुलटाइम एमबीएलाही ती चालवून घेतात. आणि कोविडनंतर बऱ्याच स्कूल परीक्षेतून सूट देतात, अर्ज करून मागावी लागते. सूट मिळते म्हणून लगेच घेऊ नका, कॉलेजचे मार्क जेमतेम असतील किंवा पदवीत गणित अजिबात नसेल तर चांगला स्कोअर हाच तुमच्या बाजूने बोलणारा एकमेव पुरावा असतो, तो स्वतःहून कशाला सोडायचा.

कळकळीने एक सांगते, दोन्ही परीक्षा देऊ नका. "एक बॅकअप असावी" म्हणून जीमॅट आणि जीआरई दोन्हींचे फॉर्म भरलेली मुलं दोन्हीकडे मधलाच स्कोअर घेऊन येतात. बॅकअप हवा असेल तर तीच परीक्षा परत द्या. जीमॅट १६ दिवसांनी परत देता येते, जीआरई २१ दिवसांनी, आणि दोन्ही १२ महिन्यांत पाच वेळा देता येतात. स्कोअर स्कूलला पाठवायचा का नाही हेही तुमच्या हातात असतं, जीमॅटमध्ये तर निकाल बघून झाल्यावर ४८ तासांत पाच स्कूलना फुकट पाठवता येतो. तेव्हा पहिला प्रयत्न बिघडला म्हणून परीक्षा बदलायची नसते. बदलायची वेळ फक्त तेव्हा येते जेव्हा दोन-अडीच महिने प्रामाणिक अभ्यास करूनही स्कोअर तिथल्या तिथे राहतो आणि चुका त्याच त्याच प्रकारच्या होत राहतात, उदाहरणार्थ शब्द काही केल्या लक्षात राहत नाहीत किंवा डेटा इनसाइट्समध्ये दर वेळी सहा-सात प्रश्न राहूनच जातात. तसं झालं तर संकोच न करता बदला, क्वांट आणि वाचनाची तयारी दुसरीकडे बरीचशी उपयोगी पडते.

तारखांचा हिशोब मात्र पहिल्या दिवशीच करा. पहिल्या फेरीचे अर्ज बहुतेक मोठ्या स्कूलमध्ये सप्टेंबरमध्ये आणि दुसऱ्या फेरीचे जानेवारीच्या सुरुवातीला बंद होतात, त्याच्या आधी निबंध, शिफारसपत्रं यांनाच दीड-दोन महिने जातात, म्हणजे परीक्षा त्याच्याही आधी आटोपलेली हवी आणि दुसऱ्या प्रयत्नाला जागा हवी.

संपादक साहेब, आपल्या शिक्षण पुरवणीला एक विनंती आहे. या परीक्षांबद्दल काही छापताना कृपया परीक्षेचं सध्याचं स्वरूप, प्रश्नसंख्या आणि स्केल अधिकृत वेबसाइटवर तपासून छापा, आणि कुणा यशस्वी विद्यार्थ्याचा स्कोअर दिलात तर तो जुन्या जीमॅटचा की नव्या तेही सोबत लिहा. पालक ती कात्रणं कापून ठेवतात आणि मुलांच्या पुढ्यात ठेवतात, मी बघितलीयत. शक्य झालं तर फुकट मिळणाऱ्या अधिकृत मॉकची एक चौकट दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये छापावी, कारण सप्टेंबरच्या फेरीत उतरणाऱ्या मुलांचा क्लास लावायचा निर्णय त्याच दिवसांत होतो.

आपली,
एक नियमित वाचक आणि शिक्षिका